हाइड पार्कच्या हिवाळी जत्रेतले फिरते रोलर कोस्टर: बसायचं का, आणि बसायचं तर कसं?

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरमध्ये आम्ही दोघं लंडनला लेकीकडे जातोय. जावयांनी हाइड पार्कमधल्या विंटर वंडरलँडचा बेत ठरवलाय. नातू तेरा वर्षांचा आहे आणि पाच लूपच्या (म्हणजे गाडी उलटी करून आणणाऱ्या पाच उभ्या वळशांच्या) रोलर कोस्टरशिवाय त्याला दुसरं काही सुचत नाही. माझं मन मात्र घेत नाही. सहा आठवड्यांसाठी बागेत उभं केलेलं ते तात्पुरतं लोखंड, त्यात थंडी-पाऊस. त्यापेक्षा पक्क्या अम्यूझमेंट पार्कला नेलेलं बरं नाही का? आणि मी स्वतः बसावं का? वय ५८, रक्तदाबाची गोळी चालू आहे.

उत्तर:

तुमचा सगळा घोटाळा ‘तात्पुरतं’ या शब्दानं केलाय. लग्नाचा मांडव तात्पुरता असतो, कारण तो पुन्हा जसाच्या तसा उभा राहावा अशी कुणाची अपेक्षाच नसते. फिरत्या, म्हणजे गावोगाव नेल्या जाणाऱ्या रोलर कोस्टरचं उलटं आहे. तो शेकडो वेळा सुटा करून शेकडो वेळा तसाच उभा राहावा, याच हिशेबानं त्याचा प्रत्येक खांब आणि प्रत्येक सांधा कागदावर काढलेला असतो. तात्पुरती असते ती जागा. इंग्लंडमध्ये राइडच्या तपासणीच्या कामात माझी अठरा वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो, मोठ्या फिरत्या कोस्टरखाली उभं राहताना माझ्या पोटात गोळा येत नाही. कशाखाली येतो ते पुढं सांगेन.

आधी त्या पाच लूपवाल्याची ओळख करून देतो, कारण नातवाचं लक्ष त्याच्यावरच आहे. लंडनमध्ये त्याला ‘म्युनिक लूपिंग’ म्हणतात. जर्मनीत त्याचं नाव ‘ओलिंपिया लूपिंग’. ऑलिंपिकची पाच कडी, म्हणून पाच लूप. १९८९ मध्ये म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये तो पहिल्यांदा उभा राहिला आणि २०१६ पासून हाइड पार्कला येऊ लागला. उंची साडेबत्तीस मीटर, रुळाची लांबी सव्वा किलोमीटर. वाहून नेता येणारा याहून मोठा कोस्टर जगात नाही. रचना आंतोन श्वार्झकॉफ यांची आणि गणित वेर्नर श्टेंगेल यांचं. श्वार्झकॉफ यांची स्वतःची कंपनी तोवर बुडाली होती, म्हणून लोखंडाचं काम बीएचएस या दुसऱ्या जर्मन कारखान्यानं केलं. श्वार्झकॉफ-श्टेंगेल या जोडीनं १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ‘रेव्होल्यूशन’ उभारून आधुनिक काळातला पहिला उभा लूप चालवून दाखवला होता. मुळात श्वार्झकॉफ जत्रेवाल्यांची वाहनं बांधणारा माणूस. ट्रकवर काय मावतं आणि चार माणसांना काय उचलतं, हे त्याच्या हाताला आधीपासून ठाऊक होतं. त्याचे कोस्टर पस्तीस-चाळीस वर्षांनंतरही फिरताहेत त्याचं कारण हेच, असं माझं मत आहे.

एक गंमत. याच्या वेगाबद्दल ‘ताशी १०० किलोमीटर’ असं कुठं वाचलंत तर हसून सोडून द्या. साडेबत्तीस मीटरवरून घर्षण शून्य धरून वस्तू थेट जमिनीपर्यंत घसरली, तरी वेग ताशी ९१ किलोमीटरच्या वर जात नाही. हे नातवाला शाळेतल्या सूत्रानं काढता येईल. प्रत्यक्ष वेग ८० च्या आसपास असतो. जत्रेतला पाटी लिहिणारा आणि भौतिकशास्त्र यांचं कधी पटलेलं नाही.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे. हे लोखंड जमिनीत पुरलेलं नसतं. पार्कच्या हिरवळीला पाया खणता येत नाही. म्हणून खाली पोलादी चौकटींचं जाळं अंथरतात, त्यावर खांब उभे करतात, आणि जमीन जिथं वर-खाली असेल तिथं चौकटीखाली लाकडी ठोकळे आणि पाचरी घालून सगळं एका पातळीत आणतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते ठोकळे पाहून धस्स होतं. ‘एवढा डोंगर लाकडाच्या ठोकळ्यांवर?’ पण लाकूड तिथं मुद्दाम असतं. ते दाब पसरवतं, किंचित दबतं, तडकण्याआधी दिसण्याइतकं चेपतं, आणि जमीन खचली तर तासाभरात बदलता येतं. नवशिक्याला भीती वाटते नेमक्या त्याच जागी आम्ही रोज सकाळी पहिली नजर टाकतो.

रुळाचे तुकडे एकमेकांना जोडतात ते बहुतेक ठिकाणी जाड पिननं, आणि पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला खिट्टी. बोल्ट किती आवळला हे डोळ्यांनी कळत नाही. पिन आत गेली की नाही, खिट्टी आहे की नाही, हे मात्र टॉर्च मारून दुरूनही दिसतं. फिरत्या राइडमध्ये हा फार मोठा फायदा आहे. शिवाय प्रत्येक मुक्कामाला ते सगळे तुकडे कुणाच्या तरी हातातून जातात. कायमच्या पार्कमधला एखादा सांधा जागेवरच वर्षानुवर्षं रंगाखाली झाकलेला राहू शकतो. फिरत्यातला सांधा वर्षातून अनेकदा उघडा पडतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी जत्रेवाल्यांचा वकील ठरेन. सतत उतरवणं-चढवणं म्हणजे झीज. पिनांची भोकं सैल होतात, कडा ठेचाळतात, वेल्डिंगवर आडवेतिडवे ताण येतात. जोडणारी माणसं रात्री पावसात, घाईत काम करतात. आणि नोव्हेंबर-डिसेंबरातली लंडनची जमीन म्हणजे ओला स्पंज. पहिल्या आठवड्यात बरोबर असलेली पातळी तिसऱ्या आठवड्यात तशीच असेल याची खात्री नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा मोजावी लागते. उन्हाळ्यातल्या चार दिवसांच्या जत्रेपेक्षा सहा आठवड्यांच्या हिवाळी मुक्कामात या गोष्टीकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

हे लक्ष देतं कोण? ब्रिटनमध्ये त्यासाठी ‘एडिप्स’ नावाची योजना आहे. नवी राइड आली की तिच्या रचनेची गणितं स्वतंत्र इंजिनिअर पाहतो, ती रचनेप्रमाणे बांधलीय का हे दुसरा तपासतो, आणि त्यानंतर दरवर्षी चालू स्थितीत तपासणी होते. त्यात पास झाली तरच प्रमाणपत्र मिळतं. भेगा नुसत्या डोळ्यांनी शोधत नाहीत. रंग आत मुरवून, चुंबकीय भुकटी टाकून किंवा अल्ट्रासाउंडनं वेल्डिंग तपासतात. कोणत्या सांध्याची किती दिवसांनी तपासणी करायची, याचं वेळापत्रक राइडबरोबर असतं. याशिवाय रोज दार उघडण्याआधी चालकाची स्वतःची तपासणी आणि रिकाम्या गाड्यांच्या फेऱ्या होतात.

जर्मन राइड तर स्वतःची मोठी वही घेऊनच फिरते. जर्मन कायद्यात अशा बांधकामांना ‘फ्लीगेंडे बाउटेन’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘उडती बांधकामं’. (उडत्या रोलर कोस्टरमध्ये बसायला तुम्ही आणखीच घाबराल, म्हणून हा शब्द जावयांनाच सांगा.) त्या वहीत परवाना, आराखडे, प्रत्येक तपासणी, प्रत्येक दुरुस्ती आणि प्रत्येक मुक्कामाची नोंद असते. तुमच्या-आमच्या गाडीचं सर्व्हिस बुक यापुढं किरकोळ वाटेल.

आणि ‘पक्कं ते सुरक्षित’ या समजुतीला याच शहराच्या इतिहासात एक वाईट उत्तर आहे. लंडनच्या बॅटरसी पार्कमधल्या मनोरंजन बागेत ‘बिग डिपर’ नावाचा लाकडी कोस्टर होता. तो १९५१ पासून एकाच जागी होता. मे १९७२ मध्ये गाडी वर ओढणारा दोर तुटला, मागं घसरू न देणारी यंत्रणाही लागली नाही, आणि पाच मुलं गेली. तो कोस्टर कुठंही फिरत नव्हता. जुनं होत जाणं आणि त्याकडे बघितलं न जाणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझी झोप उडते. राइड चाकांवर आलीय की सिमेंटमध्ये रोवलीय, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

साखळीनं वर ओढल्या जाणाऱ्या कोस्टरमध्ये बसलात की चढावर खालून ‘टक-टक-टक’ असा आवाज येईल. लोकांना तो जुन्या यंत्राचा खडखडाट वाटतो. ती मागं घसरू न देणारी खुंटी दातेरी पट्टीवर एकेक दात चढत असते. साखळी तुटली तरी गाडी एका दाताएवढीच मागं येणार. तो आवाज येत असेल तोवर निश्चिंत राहा. दुसरं, गाडीला चाकं तीन तऱ्हेची असतात: रुळावर चालणारी, बाजूनं धरणारी आणि रुळाच्या खालून पकडणारी. ही खालची चाकं जॉन मिलर या अमेरिकनानं १९१९ मध्ये पेटंट केली. तेव्हापासून गाडी रुळावरून उचलली जाण्याचा प्रश्न मिटला. तिसरं, रुळाचे भाग पाडलेले असतात आणि पुढच्या भागातली गाडी बाहेर गेल्याशिवाय मागची आत सोडत नाहीत. रेल्वेच्या सिग्नलसारखंच. कधीकधी गाडी मध्येच ब्रेकवर थांबते ती यामुळंच. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं.

मग माझ्या पोटात गोळा कधी येतो? लहान राइडखाली. कोपऱ्यातली मुलांची चक्री, जुना फिरता पाळणा, दोनच माणसं सांभाळत असलेलं काहीतरी. मोठ्या कोस्टरवर सगळ्यांची नजर असते, मालकाचा कोट्यवधींचा पैसा असतो, तो बंद पडला तर वर्तमानपत्रात फोटो येतो. लहान राइडला हे कवच नसतं. नियम दोघांना सारखेच आहेत, पण माणसाचं लक्ष सारखं नसतं. तेव्हा तुम्हाला काळजी करायचीच असेल तर तेरा वर्षांच्या नातवापेक्षा, पाच वर्षांची नात असेल तर तिच्या राइडची करा. दोन मिनिटं बाजूला उभं राहून पाहा. चालक मांडीवरचा प्रत्येक दांडा हातानं ओढून पाहतो का, की नुसताच हात फिरवतो? उंचीची पट्टी खरोखर लावतो का? सुरू करण्याआधी सगळ्यांकडे एकदा बघतो का? चालकाचं डोकं मोबाइलमध्ये असेल तर मी माझ्या मुलांना घेऊन पुढं निघतो. दिवे गेलेत, रंग उडालाय, याला मात्र फारसा अर्थ नसतो.

आता थंडी. हिवाळ्यात रोलर कोस्टर चालवणं विचित्र वाटतं खरं, पण या खेळाचा जन्मच हिवाळ्यातला. रशियात लाकडी मांडवावर पाणी ओतून बर्फाच्या घसरगुंड्या करत. तीच कल्पना पुढं फ्रान्समध्ये चाकांवर आली आणि फ्रेंच भाषेत कोस्टरचं नाव ‘रशियन डोंगर’ पडलं. रशियन लोक मात्र त्याला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात. लंडनलाही गारठ्यातली जत्रा नवी नाही. थेम्स गोठायची तेव्हा नदीवरच दुकानं लागत. शेवटची अशी जत्रा १८१४ मध्ये भरली. हाइड पार्कमधली आत्ताची जत्रा त्या मानानं पोरवयाची आहे, २००७ पासूनची. २०२० मध्ये साथीमुळं ती भरली नाही.

थंडीचा गाडीवर काय परिणाम होतो हे कळलं की कधी बसायचं ते आपोआप ठरतं. गाडीला इंजिन नसतं. एकदा वर नेलं की पुढचं सगळं उतारावर मिळालेल्या वेगावर. सकाळी चाकांवरचं आवरण गारठून कडक झालेलं असतं, बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट असतं, हवाही जड असते. शून्य अंशावरची हवा पंचवीस अंशावरच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के दाट असते. हे सगळं मिळून गाडीला अडवतं. दिवसभर फेऱ्या झाल्या की चाकं तापतात आणि तीच गाडी संध्याकाळी स्पष्ट जाणवेल इतकी पळते. म्हणून आमच्यासारखे या खेळाचे वेडे लोक रात्री उशिराची फेरी पकडतात. तुमचा नातू पहिल्यांदाच बसत असेल तर जमेल तितकी लवकरची घ्या. तेवढीच जरा सौम्य.

एका हिवाळी जत्रेत, ती कुठली हे सोडून द्या, हाडं गोठवणाऱ्या सकाळी चाचणीची रिकामी गाडी दोन चढांच्या मधल्या खोलगट भागात अडकलेली मी पाहिलीय. पुढचा चढ तिला चढवला नाही. मागं आली, पुढं गेली, पाळण्यासारखी झुलत शेवटी थांबली. मग दोर लावून ओढण्यात आमची अर्धी सकाळ गेली आणि बोटं बधिर झाली. रिकाम्या फेऱ्या त्यासाठीच असतात. जाहीर वेळ झाली तरी कोस्टर सुरू नाही असं दिसलं तर चिडू नका. आत कुणीतरी अजून समाधानी झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पावसाचं गणित वेगळं. ओल्या रुळावर गाडी अडत नाही, उलट जास्त पळते आणि घासून थांबवणारे ब्रेक कमी पकडतात. चालकाला हे माहीत असतं आणि तो त्याप्रमाणे गाड्या सोडतो. भुरभुर पावसात राइड चालू असते, फक्त थेंब चेहऱ्यावर टाचण्यांसारखे टोचतात. खरी बंदी आणतो वारा. उंच राइडवर वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र असतं आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की थांबवावंच लागतं. असं झालं तर तुमच्या तिकिटाचं काय, हे त्याच दिवशी बाहेर पडण्याआधी काउंटरवर विचारा.

कपड्यांबद्दल मात्र नीट वाचा, कारण हिवाळ्यातला खरा धोका इथं आहे आणि तो कुठल्याच पाटीवर पुरेसा लिहिलेला नसतो. या कोस्टरला खांद्यावरून खाली येणारी चौकट नाही, फक्त मांडीवर येणारा दांडा आहे. तो पुरतो, कारण लूपमध्ये आख्खा वेळ तुम्ही सीटमध्ये दाबलेले असता, अगदी उलटे असतानासुद्धा. पण तो मांडीवर बसला पाहिजे, जॅकेटवर नाही. लंडनच्या थंडीसाठी घेतलेलं ते फुगीर जॅकेट मध्ये आलं तर बंद करताना दांडा घट्ट वाटतो. पहिल्या लूपमध्ये जॅकेटमधली हवा दबते आणि मग दांडा आणि मांडी यांच्यात फट पडते. म्हणून बसताना जॅकेटची चेन उघडायची, खालचा घेर दोन्ही बाजूंना सारायचा, पाठ सीटला टेकवायची आणि मगच दांडा ओढून घ्यायचा. ही एक गोष्ट नातवाकडून घोटून घ्या.

मफलर काढून ठेवायचा. आत खोचून चालत नाही. ओढणी, साडीचा पदर, लोंबत्या दोऱ्यांची टोपी, सगळ्याला हेच. फोन चेनच्या खिशात. पाच लूपखालची जमीन हंगाम संपेपर्यंत काय काय गिळते हे पाहिलं तर तुम्ही चष्मासुद्धा खाली ठेवून जाल. चष्म्याशिवाय दिसत नसेल तर मागून पट्टा लावा. हातमोजे घालायला हरकत नाही.

कुठं बसायचं? बऱ्याचदा जागा तिथला माणूसच दाखवतो, पण विचारलं तर ऐकतात. ‘मध्ये बसा, मधलं सौम्य असतं’ असा सल्ला सर्रास मिळतो. लूपवाल्या लांब गाडीला तो लागू नाही. गाडी अठ्ठावीस जणांची आहे. तिचा मध्य लूपच्या तळाशी असतो तेव्हा आख्खी गाडी सर्वांत खाली, म्हणजे सर्वांत वेगात असते. त्यामुळं तळाचा दाब मधल्या डब्याला सर्वांत जास्त बसतो आणि माथ्यावर मधला डबाच सर्वांत हलका होतो. मागच्या डब्याला पहिल्या उतारावर हिसका बसतो, कारण पुढचे डबे त्याला खेचून नेतात. पहिल्यांदा बसणाऱ्यासाठी माझी पसंती पुढून दुसऱ्या डब्याला. पुढचं दिसतं, अंगाला तयारी करता येते, आणि अगदी पहिल्या डब्यासाठी असलेली रांगही टळते.

तो दाब किती? या कोस्टरवर तो पाच ‘जी’च्या आसपास जातो, म्हणजे क्षणभर तुमचं वजन पाचपट. त्याचं कारण लूपच्या आकारात आहे. लूप अगदी गोल असेल तर तळाचा दाब आणि माथ्याचा दाब यांत गणितानं सहा जीचा फरक पडतो. म्हणून आजकालचे लूप वर घट्ट वळणाचे आणि तळाशी मोठ्या वळणाचे, पाण्याच्या थेंबाला उलटं धरल्यासारखे करतात. त्यानं फरक आटोक्यात येतो. या कोस्टरचे लूप मात्र पाहताच कळेल, ऑलिंपिकच्या कड्यांसारखे बरेच गोल आहेत. हौशी लोक त्याच्यावर जीव टाकतात ते यासाठीच. त्या दाबात डोक्यातलं रक्त खाली उतरतं आणि काहींच्या डोळ्यांपुढं क्षणभर करडा पडदा येतो. त्यावर उपाय सोपा आहे: लूपच्या आधी मांड्या आणि पोट आवळायचं, श्वास न अडवता छोटा-छोटा घ्यायचा, डोकं मागं सीटला टेकवून ठेवायचं. खाली वाकून पायांकडे मात्र अजिबात बघायचं नाही. मान आखडण्याच्या निम्म्या तक्रारी तिथून येतात. डोळे उघडे ठेवा. मिटले की मळमळ वाढते, कारण तोल सांभाळणाऱ्या कानाला काय होतंय ते डोळ्याला कळत नाही.

म्युनिक लूपिंगवर थेट चढवण्याआधी नातवाला ‘वाइल्ड माउस’ प्रकारच्या कोस्टरवर बसवा. अशा जत्रेत तो बहुधा असतोच. चार जणांचा छोटा डबा, सपाट रूळ आणि काटकोनातली वळणं. चाकं डब्याच्या मागच्या बाजूला असतात, त्यामुळं वळण येतं तेव्हा डब्याचं नाक रुळाबाहेर लटकतं आणि आता पडलोच असं वाटतं. वेग फारसा नसतो, सगळी करामत त्या वाटण्यात आहे. मला विचाराल तर चातुर्यात तो पाच लूपच्या वरचढ आहे, पण हे हौशी लोकांसमोर बोलायची सोय नाही. त्यावर हसत उतरला तर मोठ्यावर पाठवा. पांढरा पडून उतरला तर अर्धा तास बर्फातले पुतळे दाखवा आणि मग पुन्हा विचारा. गोल फिरणाऱ्या राइडवर वजनदार माणसानं बाहेरच्या बाजूला बसायचं, नाहीतर आजोबांखाली नातवाचा चुरा होतो.

खाणं राइडनंतर. तिथल्या बव्हेरियन व्हिलेजमध्ये सॉसेज आणि गरम मसालेदार वाइन मिळते. वाइनचा पेला घेऊन लूपच्या रांगेत उभे राहणारे महाभाग दरवर्षी असतात. चालकाला तुम्ही प्यालेले वाटलात तर तो बसू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

तिकिटाचं असं आहे की आत जाण्याची वेळ आधी नोंदवावी लागते. कमी गर्दीच्या वेळांना प्रवेश मोफत असतो, बाकी वेळांना काही पौंड पडतात, आणि राइडचे पैसे वेगळे. म्हणजे मोफत म्हणून गेलात तरी खिसा हलका होतोच. शक्य असेल तर शनिवार-रविवार आणि नाताळच्या आधीचा आठवडा टाळा. जत्रा नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत असते, नाताळच्या दिवशी बंद. आठवड्यातल्या मधल्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास आत जा. डिसेंबरात लंडनला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. त्यामुळं उजेडातली एक आणि दिव्यांतली एक अशा दोन्ही फेऱ्या फार न थांबता होतात. साडेपाचनंतर ऑफिसातून सुटलेली गर्दी लोटते. जाताना हाइड पार्क कॉर्नर स्टेशनला उतरा. परतताना तिथं झुंबड असेल तर थोडं चालून मार्बल आर्च किंवा नाइट्सब्रिज गाठा.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. रक्तदाब गोळीनं आटोक्यात असला तरी मी पाच जीच्या राइडवर तुम्हाला बसा म्हणणार नाही. निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना ‘लूप असलेला, पाच जीचा’ असं नेमकं सांगून विचारा. नुसतं ‘पाळण्यात बसू का’ विचारलंत तर ते हो म्हणतील. मान, पाठ, डोळ्याचा पडदा यांचा काही त्रास किंवा अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर विचारायचीही गरज नाही, खालीच थांबा. काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी एकदम उभं राहिल्यावर चक्कर येते. गाडीतून उतरताना नेमकं तेच करावं लागतं. वाइल्ड माउसचेही हिसके कमी नसतात, तेव्हा त्याच भेटीत त्याबद्दलही विचारा. मोठ्या आकाशपाळण्यात मात्र खुशाल बसा. वरून आख्खी जत्रा आणि तो कोस्टर दिसतो, आणि डबा बंद असल्यानं वाराही लागत नाही.

आणि नातू वर असेल तेव्हा चढायच्या जिन्यापाशी थांबू नका. उतरायची वाट सहसा वेगळ्या बाजूला असते. रांगेत शिरण्याआधीच ती बघून ठेवा आणि तिथल्या एखाद्या न हलणाऱ्या खुणेपाशी भेटायचं ठरवा. गर्दीत फोन लागेलच असं नाही, आणि गेल्या खेपेला माझी पाऊण तास शोधाशोध झाली, कारण माझी मुलगी ‘लाल दिव्याखाली’ उभी होती. तिथं लाल दिवे निदान दोन हजार असतील.